आधी पत्रा, मग इंजिन : १९६७ च्या जीटीओच्या जीर्णोद्धाराविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण मिशिगनमध्ये राहता, वाहन उद्योगात अभियंता आहात, पण काम सारे संगणकावरचे असल्यामुळे हातात पाना धरून बरीच वर्षे झाली आहेत. घरापासून तासाभराच्या अंतरावर एका शेतावरच्या कोठारात १९६७ ची पॉन्टिॲक जीटीओ, दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छताची, पण दोन काचांमधला खांब नसलेली), उभी आहे आणि मालक तिचे बावीस हजार डॉलर मागतो आहे. बॅटरी जोडताच इंजिन सुरू झाले, आवाज दमदार आला, आणि तेव्हापासून आपला पाय जमिनीवर नाही. गाडी घ्यावी का, घेतल्यास इंजिन उतरवून कामाला सुरुवात करावी का, आणि बॉडी फ्रेमवरून उचलून संपूर्ण जीर्णोद्धार करावा की गाडी चालवत टप्प्याटप्प्याने काम करावे, असे आपण विचारले आहे.

इंजिन सुरू झाले ही आपल्याला सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. मी गेली सव्वीस वर्षे याच भागात जुन्या अमेरिकी गाड्यांचे काम करतो आहे, आणि इंजिनाचा आवाज ऐकून गाडी घेणाऱ्यांचेच हात सर्वाधिक पोळलेले मी पाहिले आहेत. पॉन्टिॲकचे चारशे घनइंचांचे इंजिन बिडाचे आहे. ते कितीही थकलेले असले तरी त्याच्या दुरुस्तीला आदि आणि अंत असतो: सिलिंडर बोअर करायचे, क्रँक ग्राइंड करून घ्यायचा, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा आणि व्हॉल्व्ह नवे घालायचे. मशीन शॉपवाला या कामाचा आकडा आधीच सांगतो आणि तो फारसा चुकत नाही. मी हा धंदा कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रॅक्टरच्या ब्लॉकना बोअर मारत शिकलो, तिथेही हिशेब हाच होता. पत्र्याचे मात्र तसे नाही. वर रंगाला एक फोड दिसतो आणि आत वीतभर पत्रा भुसा झालेला असतो. किती, ते कापायला घेतल्यावरच कळते आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. म्हणून माझा क्रम असा आहे की आधी गाडीची ओळख पटवावी, मग पत्रा आणि फ्रेम पाहावी, आणि इंजिनाची तब्येत सर्वांत शेवटी तपासावी.

ओळख पटवण्याची गरज का पडते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जॉन डीलोरियन पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता असताना त्यांच्या चमूने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या गाडीचे ३८९ घनइंचांचे इंजिन बसवले. पॉन्टिॲकची मालक कंपनी जनरल मोटर्सने मध्यम गाड्यांसाठी ३३० घनइंचांची मर्यादा घातलेली होती. तिच्यातून निसटण्यासाठी जीटीओ ही नवी गाडी म्हणून न आणता १९६४ च्या टेम्पेस्ट लमाँवर मिळणारे ऐच्छिक पॅकेज म्हणून विक्रीला आली. त्या पळवाटेचा ताप आजच्या गिऱ्हाइकाला होतो, कारण १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांत केवळ चासी नंबरावरून ती खरी जीटीओ आहे की साधी लमाँ, हे सांगता येत नाही. सुदैवाने १९६६ पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली, त्यामुळे आपले काम सोपे आहे.

चालकाच्या बाजूचे दार उघडून पुढच्या खांबावर, बिजागऱ्यांच्या ओळीत, रिव्हेट केलेली लहान पट्टी शोधा. १९६८ पासून हा नंबर काचेतून दिसेल असा डॅशवर आला. १९६७ मध्ये तो दाराच्या खांबावरच असतो. नंबर तेरा अक्षरांचा असून आपल्या गाडीत त्याची सुरुवात २४२१७७ अशी हवी. यातला पहिला २ म्हणजे पॉन्टिॲक, ४२ म्हणजे जीटीओ, १७ म्हणजे हार्डटॉप आणि शेवटचा ७ म्हणजे १९६७ साल. पुढचे अक्षर कारखान्याचे असते; ते पी असेल तर गाडी पॉन्टिॲक शहरातच, म्हणजे आपल्या घरापासून फार तर अर्ध्या तासावर बनलेली आहे. सुरुवात २३७ अशी असेल तर ती जीटीओची पदके लावलेली लमाँ आहे. अशी गाडी वाईट नसते, पण तिची किंमत निराळी. पट्टीच्या रिव्हेटशी कुणी खेळ केलेला दिसला, तर पुढचे बोलणे तिथेच थांबवा, कारण तो कायद्याचा प्रश्न आहे. याशिवाय इंजिन आणि केबिन यांमधल्या फायरवॉलवर बॉडीची पट्टी असते. तिच्यावर २४२१७ हा बॉडीचा क्रमांक, आतल्या सीट-कव्हरांचा संकेत आणि मूळ रंगाचे अक्षर सापडते. कोठारातली गाडी लाल असेल आणि पट्टीवर एच असेल, तर ती कारखान्यातून लिंडन ग्रीन या हिरव्या रंगात निघाली होती आणि लाल रंग नंतर कुणाच्या तरी हौसेचा आहे.

इंजिन मूळचे आहे का, हे ब्लॉकच्या पुढच्या बाजूस, प्रवाशाच्या अंगाला, सिलिंडर हेडच्या खाली कोरलेल्या दोन अक्षरांवरून तपासायचे. डब्ल्यूटी म्हणजे ३३५ अश्वशक्तीचे आणि हाताच्या गिअरचे, वायएस म्हणजे तेच इंजिन ऑटोमॅटिकसाठी, डब्ल्यूएस म्हणजे ३६० अश्वशक्तीचे एचओ, म्हणजे अधिक ताकदीचे इंजिन. पॉन्टिॲकच्या कारखान्याच्या नोंदी सुदैवाने टिकल्या आहेत. पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था चासी नंबर आणि शुल्क घेऊन आपल्या गाडीच्या मूळ कागदाची प्रत पाठवते आणि गाडी कोणत्या इंजिनासह, कोणत्या ऐच्छिक साहित्यासह निघाली हे त्यात लिहिलेले असते. ती प्रत हातात पडेपर्यंत बयाणा देऊ नका. बहुतेक शेवरलेट घेणाऱ्यांना ही सोय नाही, एवढे एक सुख पॉन्टिॲकवाल्यांच्या वाट्याला आले आहे.

आता पत्रा. सोबत विजेरी, फडक्यात गुंडाळलेले चुंबक, एक बोथट दाभण आणि जमल्यास रंगाची जाडी मोजणारे यंत्र न्या. कारखान्याच्या रंगाची जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असते. एकदा वरून रंगवलेली गाडी तीनशेपर्यंत जाते. पाचशेच्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी आहे असे समजावे. यंत्र नसेल तर चुंबक पुरते. मागच्या चाकाच्या कमानीवर आणि मागच्या मडगार्डच्या तळाशी ते सरकवत न्या. जिथे पकड सुटते तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

पण या गाडीत सर्वांत आधी पाहायची जागा म्हणजे मागच्या काचेची खालची कड. काचेभोवतीची चकचकीत पट्टी बॉडीवर वेल्ड केलेल्या छोट्या खुंट्यांवर क्लिपांनी बसवलेली असते. त्या खुंट्यांपाशी रंग आधी सुटतो, पट्टीच्या आड पाणी साचून राहते, आणि वीस-तीस पावसाळ्यांनंतर काच आणि डिकीचे झाकण यांमधला पत्रा आतून कुजतो. छतावर व्हिनाइल असेल तर ते ओल्या पोत्यासारखे पाणी धरून ठेवते आणि हीच गोष्ट निम्म्या काळात घडते. हे पाणी पुढे डिकीत उतरते. डिकीतली चटई उचला, तळाच्या खोलगट भागात, विशेषतः दोन्ही बाजूंना जिथे तळ मडगार्डकडे वळतो तिथे, दाभण टेकवून अंगठ्याने दाबा. चांगला पत्रा टणक लागतो आणि हलका टणत्कार देतो. गंजलेला पत्रा करकरतो, आणि दाभण ज्या सहजतेने आत जाते ती एकदा बोटांना कळली की पुन्हा कुणी शिकवावे लागत नाही. त्याच पाण्याने मागचे बॉडी माउंट, म्हणजे बॉडी फ्रेमवर जिथे टेकते त्या जागा, खाल्लेल्या असतात, आणि त्या गेल्या असतील तर दाराच्या फटी कितीही जुळवल्या तरी जुळत नाहीत.

डिकीनंतर पुढच्या मडगार्डचा चाकामागचा भाग, पायाखालचा तळ आणि पुढच्या काचेखालची हवेची पेटी तपासा. शेवटी गाडीखाली झोपून फ्रेम पाहायची. हार्डटॉपची फ्रेम बव्हंशी उघड्या सी आकाराची असते आणि कापडी, उघडणाऱ्या छताच्या कन्व्हर्टिबलची बंद पेटीची. उघड्या फ्रेमचा फायदा असा की आतला गंज डोळ्यांना दिसतो. मागच्या ॲक्सलवरून फ्रेम जिथे कमानीसारखी वर उचलली जाते तिथे मीठ आणि चिखल बसून राहतो, म्हणून तिथे हातोडीने हलके ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर ती जागा खडूने खुणावून ठेवा. आपल्या राज्यात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि खुद्द डेट्रॉइट शहराखाली मिठाची खाण आहे. ज्या शहराने जगाला गाड्या दिल्या त्याच्याच पोटात त्यांचा शत्रू दडलेला आहे, हा विनोद इथले जुने पत्राकारागीर चहाच्या वेळी हमखास करतात. कोरड्या हवेच्या ॲरिझोनातून आलेल्या गाडीला इथे जास्त भाव का मिळतो, याचेही उत्तर यातच आहे.

सुट्या भागांची काळजी वाटत असेल तर ती दोन भागांत वाटून घ्या. फ्रेम, तळाचे पत्रे, सस्पेन्शन, ब्रेक अशा अनेक गोष्टी याच कुळातल्या शेवरलेट शेवेल, ओल्ड्समोबिल कटलस आणि ब्युइक स्कायलार्क यांच्याशी मिळत्याजुळत्या आहेत, आणि शेवेलचे चाहते अफाट असल्यामुळे हे भाग नवे बनून मिळतात. मागची मडगार्डे आणि डिकीचा तळही नवा मिळतो. ज्या गोष्टी फक्त १९६७ च्या जीटीओच्याच आहेत, म्हणजे जाळीची ग्रिल, मागच्या दिव्यांच्या चौकटी, दाराखालची रुंद चकचकीत पट्टी, डॅशवरचे लाकडी नक्षीचे पॅनल, त्या गाडीवर आहेत का आणि न चेपलेल्या आहेत का, हे मोजून घ्या. इंजिन नसलेली पण या सर्व वस्तू शाबूत असलेली गाडी मी आनंदाने घेईन. पॉन्टिॲक हा ब्रँड २०१० मध्ये बंद झाला, त्यामुळे या वस्तूंसाठी आता कुठल्या विक्रेत्याच्या कपाटाचा भरवसा धरता येत नाही.

बावीस हजारांविषयी माझे मत असे आहे. नंबर २४२ ने सुरू होत असेल, इंजिनाची अक्षरे कागदाशी जुळत असतील, मागच्या काचेखालचा पत्रा टणक असेल आणि फ्रेम ठोकल्यावर सर्वत्र खणखणीत वाजत असेल, तर फार घासाघीस न करता गाडी घरी आणावी. पहिल्या दोन गोष्टी जमल्या आणि डिकी गेलेली असेल, तर किंमत खाली आलीच पाहिजे, कारण माझ्या गॅरेजमध्ये संपूर्ण जीर्णोद्धार हजार तासांच्या आत कधीच उरकलेला नाही आणि त्यांतले निम्म्याहून अधिक तास पत्रा आणि रंग यांतच जातात. फ्रेम कुजलेली असेल तर ती गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबात असू द्या. १९६७ मध्ये जीटीओ एकूण ८१,७२२ बनल्या आणि त्यांतल्या ६५,१७६ हार्डटॉप होत्या. म्हणजे आपल्यापुढची गाडी देखणी असली तरी ती एकमेव नाही, हे घासाघीस करताना ध्यानात ठेवावे.

गाडी घेतल्यानंतर बॉडी उचलावी का, हा आपला खरा प्रश्न आहे, आणि नवख्या माणसाला मी जवळजवळ नेहमी नको असे सांगतो. बॉडी फ्रेमवरून उचलणे हे तसे सोपे काम आहे. बोल्ट सोडवायला दोन शनिवार-रविवार पुरतात. अवघड असते ते सहा महिन्यांनंतर चाळीस खोक्यांसमोर उभे राहून कोणता कंस कुठला हे आठवणे. माझ्याकडे दर वर्षी निदान दोन गाड्या अशा येतात की फ्रेम एका ट्रेलरवर, बॉडी दुसऱ्यावर, आणि मालकाचा उत्साह कुठेच नाही. फ्रेम शाबूत आणि बॉडी माउंट चांगले असतील, तर बॉडी जागेवर ठेवूनच काम करावे आणि पहिला उन्हाळा गाडी चालवण्यात घालवावा. गाडी कुठे गळते, कोणत्या वेगाला थरथरते, कोणता गिअर सुटतो, हे चालवल्याशिवाय कळत नाही, आणि हे कळल्यावर केलेल्या कामांची यादी पुष्कळदा मूळ यादीच्या निम्मीच उरते.

चालवण्याआधी मात्र ब्रेक आणि पेट्रोलची लाइन यांत काही शिल्लक ठेवू नका. १९६७ पासून या गाडीला दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला, म्हणजे एक लाइन फुटली तरी अर्धे ब्रेक राहतात. पण कोठारात पडून राहिलेल्या गाडीत चारही चाकांचे सिलिंडर आतून खरवडलेले असतात, ते, होज आणि पोलादी नळ्या असे सारेच बदलावे. जुन्या ब्रेक शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोलची टाकी उतरवून आतून पाहा. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराचा चिकट लगदा करते, त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा रबराचा प्रत्येक तुकडा बदलला पाहिजे. टायर कितीही नक्षीदार दिसले तरी जुने असतील तर फेकून द्या. मूळचे एफ७०-१४ मापाचे लाल रेषेचे टायर जुन्या पद्धतीचे होते. आपण रेडियल घालणार असाल तर अलाइनमेंट करणाऱ्याला १९६७ च्या पुस्तकातले आकडे वापरू देऊ नका, रेडियलला पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, त्याहून अधिक लागतो, नाहीतर गाडी मोठ्या रस्त्यावर सतत भरकटत राहते.

पत्र्याचे काम हाती घ्याल तेव्हा एक बाजू पूर्ण करूनच दुसरी कापा. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका कन्व्हर्टिबलची दोन्ही मागची मडगार्डे आणि खालची कड मी एकाच आठवड्यात कापून टाकली, आतून आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून आधार देण्याचा कंटाळा केला, आणि नवी मडगार्डे बसवल्यानंतर दारे बंद होईनात. बॉडी मधोमध जेमतेम नऊ मिलिमीटर खाली बसली होती. ते नऊ मिलिमीटर परत मिळवायला मला पाच आठवडे लागले आणि त्याचे पैसे अर्थातच गिऱ्हाइकाकडे मागता आले नाहीत. हार्डटॉपला छताचा आधार असतो, तरीही दाराच्या चौकटीत पाइप घातल्याशिवाय करवत उचलू नये. नवे मडगार्ड आधी स्क्रूने तात्पुरते बसवून, दार आणि डिकीचे झाकण लावून, फटी पाहाव्यात. त्या पटल्या की मगच वेल्डिंग. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला भोके पाडून ती मिग वेल्डरने भरावीत. लांब सांध्यावर सलग वेल्ड ओढू नये. इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, मध्ये हात लावून पाहण्याइतका थंडावा, अशी चाल ठेवली तरच पत्रा लाटा धरत नाही. छत आणि मागचे मडगार्ड यांचा सांधा कारखान्यात शिशाने भरलेला असतो, त्यामुळे तिथे ग्राइंडर लावून शिशाची धूळ उडवू नका. ते गरम करून खाली उतरवावे लागते आणि तेही योग्य मास्क लावून.

रंग काढण्यासाठी वाळूचा मारा करवून घेण्याचा मोह होतो. फ्रेम, ॲक्सल आणि जाड कंस यांसाठी तो उत्तम. छत, बॉनेट आणि दारे यांसाठी तो घात करतो. काही वर्षांपूर्वी मी एक सरळ छत बाहेर मारा करायला दिले आणि परत आले तेव्हा ते पापडासारखे वळलेले होते. सपाट पत्र्यांवर रंग काढायचे रसायन आणि ग्राइंडरची जाळीची चकती वापरा, वेळ लागू द्या.

रंगकामाविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण ते आपण घरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मूळचा रंग ॲक्रिलिक लॅकर होता. आज बहुतेक जण बेसकोट आणि त्यावर क्लिअरकोट मारतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही फुप्फुसांना घातक रसायने असतात आणि साध्या मास्कने ते अडत नाहीत, बाहेरून हवा पुरवणारी यंत्रणा लागते. आपण घरी जरूर करावे ते त्याआधीचे काम: इपॉक्सी प्रायमरवर लांब ठोकळ्याने घासणे. हे काम कंटाळवाणे असते आणि त्याची बिले सर्वांत मोठी असतात, म्हणून बचतही त्यातच आहे. काळा किंवा गडद निळा रंग निवडणार असाल तर घासण्याचे तास दुप्पट धरा. त्या रंगांत पत्र्यावरची प्रत्येक लाट उन्हात उघडी पडते.

आता आपल्या लाडक्या इंजिनाकडे येऊ. ते सुरू होते म्हणून त्याला न उघडता चालवायचे असेल तरी एक गोष्ट आधी करा: तळाची तेलाची टाकी उतरवून पंपाच्या जाळीत बोट फिरवा. या काळातल्या पॉन्टिॲकमध्ये व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचे दातेरी चाक ॲल्युमिनियमचे असे आणि आवाज कमी व्हावा म्हणून त्याच्या दातांवर नायलॉन चढवलेले असे. पन्नास-साठ वर्षांत ते नायलॉन ठिसूळ होते आणि तुटते. जाळीत कापलेल्या नखांसारखे पिवळट-तपकिरी तुकडे सापडले, तर तेच ते दात. एका बाजूला चेन दात चुकवते आणि दुसऱ्या बाजूला हे तुकडे तेलाचा रस्ता अडवतात. दोन्ही मार्गांनी इंजिन मरते. चाक आणि चेन पोलादी घातली की हा प्रश्न कायमचा मिटतो.

इंजिन पूर्ण उघडायचे ठरले तर चार ठिकाणी पैसे वाचवू नका. मूळचे कनेक्टिंग रॉड ओतीव आहेत आणि ते या इंजिनाचा सर्वांत कमजोर दुवा आहेत. फोर्ज केलेले घाला. क्रँकच्या मागचे सील मुळात दोरीचे होते आणि ते गळतेच. आज मिळणारे व्हिटॉन या कृत्रिम रबराचे दोन तुकड्यांचे सील नीट बसवले तर गॅरेजच्या फरशीवरचा डाग जातो. वॉटर पंपामागे एक पातळ पत्र्याची विभाजक तबकडी असते. पंपाचा पंखा आणि ती तबकडी यांतले अंतर वाढलेले असेल तर पाणी जागच्या जागी घुसळत राहते, आणि लोक नव्या रेडिएटरवर हजार डॉलर खर्चूनही गाडी सिग्नलला तापतेच. तबकडी हलक्या हाताने वाकवून हे अंतर पाव ते अर्ध्या मिलिमीटरवर आणायचे असते. चौथी गोष्ट कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते त्याची. या वर्षीच्या ६७० क्रमांकाच्या हेडचे दहनकक्ष लहान आहेत आणि कंपनीने कॉम्प्रेशन १०.७५ ठेवले होते, ते त्या काळच्या शिसेयुक्त प्रीमियम पेट्रोलच्या भरवशावर. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पेट्रोल अमेरिकेत १९९६ पासून पूर्ण बंद आहे. आजच्या ९३ ऑक्टेनवर असे इंजिन चढावर खडखडते आणि ती खडखड पिस्टन फोडते. मूळची हेडे बदलू नका, त्यांच्यामुळेच गाडीची किंमत आहे. त्याऐवजी खोलगट माथ्याचे पिस्टन घालून कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास आणा. बाहेरून इंजिन जसेच्या तसे दिसते.

नव्या कॅमचा पहिला अर्धा तास फार जपावा लागतो. पॉन्टिॲकचे टॅपेट, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोहोचवणारे दट्टे, सपाट तळाचे आहेत आणि कॅमच्या उंचवट्यावर ते सरळ घासतात. इंजिन पहिल्यांदा सुरू होताच ते मिनिटाला दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर वीस-तीस मिनिटे ठेवायचे, मधे आयडलला येऊ द्यायचे नाही, आणि तेल झिंकयुक्त वापरायचे. त्यामुळे सुरू करण्याआधीच इग्निशन टायमिंग, पेट्रोल आणि पाणी यांची खात्री असली पाहिजे. सुरू होते की नाही पाहू, म्हणून दहा वेळा स्टार्टर मारत बसलात तर कॅम त्यातच जातो. या गाडीच्या मूळच्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरला लोक उगाच नावे ठेवतात. त्याच्या तळाशी पेट्रोलच्या विहिरींना बसवलेली बुचे कालांतराने झिरपतात, रात्रभरात पेट्रोल आत उतरते आणि सकाळी गाडी उशिरा सुरू होते. बुचे इपॉक्सीने बंद करून घेतली की हे कार्ब्युरेटर उत्तम चालते.

आधुनिक सुधारणांविषयी माझे धोरण असे की बोल्टने बसणारी आणि बोल्टने निघणारी सुधारणा करावी, पण त्यासाठी नवे भोक पाडू नये. पुढचे डिस्क ब्रेक १९६७ मध्ये कंपनी स्वतःच ऐच्छिक देत होती, ते जरूर लावा. डिस्ट्रिब्युटरच्या आत लपणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशनही लावा. काढलेला प्रत्येक जुना भाग नाव लिहून पिशवीत ठेवा. नवा भाग गाडीवर बसून महिनाभर चालल्याशिवाय जुना टाकून देऊ नये, कारण नव्याने बनवलेल्या भागाचे भोक दोन मिलिमीटर सरकलेले निघाले तर माप घ्यायला तोच एक जुना भाग उपयोगी पडतो.

येत्या शनिवारी कोठारात जाल तेव्हा मालकाला आधीच कळवा की इंजिन थंड ठेवा. पोहोचताच एग्झॉस्ट मॅनिफोल्डला हात लावून पाहा. ते कोमट असेल तर थंड इंजिन सुरू करताना निघणारा निळा धूर आपल्यापासून लपवलेला आहे, असे धरून चाला. मग खांबावरची पट्टी, मागची काच, डिकी, फ्रेम या क्रमाने जा आणि प्रत्येक जागेचे छायाचित्र घ्या. दाभण टेकवण्याआधी मालकाची परवानगी मागा. त्याने डिकीतली चटई उचलू दिली नाही, तर आभार मानून परत या.